आशाताई दारी येतात तेव्हा: तान्ह्या मुलांच्या घरांसाठी काही सूचना

ज्या घरात नुकतेच मूल जन्मले आहे त्या घराच्या उंबरठ्यावर, ते मूल सव्वा वर्षाचे होईपर्यंत, आरोग्यखात्याच्या कार्यकर्तीने किमान अकरा वेळा आले पाहिजे, असा सांप्रतचा शिरस्ता आहे. त्यांपैकी सहा भेटी पहिल्या बेचाळीस दिवसांत व्हावयाच्या आणि उरलेल्या पाच तिसऱ्या महिन्यापासून दर तीन महिन्यांनी. या भेटींसाठी कोठे अर्ज करावा लागत नाही, दाखला जोडावा लागत नाही की फी भरावी लागत नाही. त्या बालकाच्या हक्काच्या आहेत. असे असूनही अनेक घरांना त्यांचा पुरता लाभ होत नाही, आणि त्याचे एक मोठे कारण असे की भेटींचे वेळापत्रक बाळाच्या वयावर बांधलेले असते, नोंदवही मात्र गावावर बांधलेली असते, आणि आपल्याकडे बाळ-बाळंतीण पहिले काही महिने एका गावात क्वचितच राहतात. येवला तालुक्यातील अंदरसूलची लेक वैजापूरच्या सासरहून बाळंतपणासाठी माहेरी येते, पाटोद्याची सून कोपरगावच्या माहेरी जाते. जिल्हा बदलतो, दप्तर बदलते, आणि दोन्हीकडच्या नोंदींच्या मधल्या जागेत एखादे तान्हे मूल काही आठवडे कोणाच्याच हिशेबी राहत नाही. म्हणून भेट घरापर्यंत आणण्याची जबाबदारी जशी सरकारची आहे, तशी बाळ कोठे आहे हे सरकारला कळविण्याची जबाबदारी घराची आहे, हे या लेखाचे मुख्य सांगणे आहे.

कोण येते आणि कशासाठी

घरी येणाऱ्या बायांमध्ये पुष्कळदा गल्लत केली जाते, तेव्हा प्रथम त्यांचा परिचय करून घेणे इष्ट होईल. आशा स्वयंसेविका ही गावातलीच बाई असते. २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून साधारणतः हजार लोकसंख्येमागे एक अशी तिची तजवीज झाली. तिला दरमहाचा ठरीव सरकारी पगार नसून मुख्यतः कामागणिक मोबदला मिळतो, आणि वर सांगितलेल्या अकरा भेटी मुख्यतः तीच देते. तिच्या वरची पायरी आरोग्यसेविकेची, जिला गावकरी अद्यापि ‘सिस्टर’ किंवा ‘नर्सबाई’ म्हणतात. सपाटीच्या मुलखात सुमारे पाच हजार वस्तीमागे असलेल्या उपकेंद्रात ती असते, आणि लस टोचणे, गरोदर स्त्रीची तपासणी करणे ही तिची कामे. तिच्या कामावर देखरेख करणारी ती आरोग्य सहायिका. या तिघींखेरीज अंगणवाडी सेविका आहेच; २ ऑक्टोबर १९७५ रोजी आरंभ झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेची ती गावातील प्रतिनिधी असून, मुलांचे वजन घेणे आणि सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या बालकांना, तसेच गरोदर व स्तनदा मातांना घरपोच आहार पोहोचविणे तिच्याकडे असते. येवला शहरात राहणाऱ्यांना आपल्या भागाची कार्यकर्ती कोण हे ठाऊक नसेल, तर सरकारी रुग्णालयातील लसीकरणाच्या खोलीत अथवा जवळच्या अंगणवाडीत चौकशी करावी.

घरोघर जाऊन बाळबाळंतिणीची विचारपूस करण्याची ही पद्धत फार जुनी आहे. इंग्लंडात मँचेस्टर आणि सॅलफर्ड येथे १८६२ साली ती रूढ होऊ लागली आणि १९१८ मध्ये दिल्लीला लेडी रीडिंग हेल्थ स्कूलमध्ये आपल्याकडील स्त्रियांना या कामाचे शिक्षण देणे सुरू झाले. परंतु आज आपल्या दारी येणाऱ्या आशाताईच्या पिशवीत जे वजनकाटा, तापमापक आणि घड्याळ असते, त्याची पाळेमुळे गडचिरोलीत आहेत. तेथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घेण्यास शिकविले, आणि तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण तिसऱ्या वर्षी सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९९९ साली प्रसिद्ध झाले. पुढे २०११ मध्ये हीच रीत देशभरच्या आशांच्या कामात आली. ज्या बाईला आपण ‘आपल्याच गल्लीतली’ म्हणून थोडे कमी लेखतो, तिच्या हातातल्या कामाची अशी खातरजमा झालेली आहे.

पहिल्या बेचाळीस दिवसांतील सहा भेटी

बाळंतपण दवाखान्यात झाले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताईने यावयाचे असते; घरी झाले असेल तर जन्माच्या दिवशीची एक भेट अधिक. शस्त्रक्रियेमुळे माता रुग्णालयातच असेल, तर ती घरी आल्यापासून पुढच्या भेटी सुरू होतात. हे दिवस कोणी सहज ठरविलेले नाहीत: अर्भकाला सर्वांत मोठा धोका पहिल्या आठवड्यात असतो, त्यामुळे आरंभीच्या भेटी जवळजवळ आणि नंतरच्या अंतराअंतराने ठेवलेल्या आहेत. जन्मतः अडीच किलोपेक्षा कमी वजन भरलेल्या अथवा रुग्णालयातील नवजात कक्षातून घरी आलेल्या बाळाकडे अधिक बारकाईने पाहावे लागते. तेव्हा दवाखान्यातून मिळालेला कागद पहिल्याच भेटीत ताईंच्या हाती द्यावा.

भेटीत ताई बाळाचे वजन घेते, काखेत तापमापक लावते, मिनिटभर घड्याळ पाहून श्वास मोजते, नाळ पाहते, आणि आईला दूध उतरते आहे की नाही, रक्तस्राव किती, ताप आहे का, हे विचारते. पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन किंचित उतरते, याने घाबरू नये. जन्मवेळचे वजन साधारणतः दहा-चौदा दिवसांत भरून येते. मात्र त्यानंतरही वाढ दिसली नाही, तर दूध पाजण्याची पद्धत ताईंना प्रत्यक्ष पाहू द्यावी. संकोचाने पदराआड पाजण्याने पुष्कळदा चुकीची पकड लक्षात येत नाही.

आपल्या रूढींपैकी कोणत्या ठेवाव्यात आणि कोणत्या सोडाव्यात, हा प्रश्न या भेटींत हटकून उपस्थित होतो. पाचवीचे पूजन तिसऱ्या आणि सातव्या दिवसाच्या भेटींमध्ये येते, बारसे सातव्या आणि चौदाव्या दिवसांच्या मध्ये. या दोहोंना आरोग्यशास्त्राची काहीच हरकत नाही. बाळंतिणीला डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाजरीची भाकरी आणि शेपूची भाजी देण्यासही हरकत नाही. हरकत आहे ती चिकाचे दूध पिळून टाकण्याला, जन्मतःच मध अथवा घुटी चाटविण्याला, नाळेवर राख किंवा तेल घालण्याला, डोळ्यांत काजळ घालण्याला आणि बंद खोलीत शेगडीची धुरी देण्याला. चिकाच्या दुधात रोगप्रतिकारक द्रव्ये असतात, आणि मध एक वर्षापूर्वी कोणत्याही बाळाला देऊ नये. तेल चोळण्यास मनाई नाही, पण ते नाकाकानात सोडू नये आणि मालिशीच्या नावाने बाळाला पाय धरून उलटे करू नये. वैशाखाच्या उन्हात, बाळाला तहान लागली असेल म्हणून चमचाभर पाणी पाजण्याचा मोह आजीला होतो. पण सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधात पुरेसे पाणी असते, आणि वरून दिलेल्या पाण्याने दुधाची भूक मरते व जुलाबाची भीती वाढते.

कावीळ दिसण्याच्या बाबतीत येवल्याच्या मागाच्या घरांनी एक विशेष खबरदारी घ्यावी. ज्या घरात माग मांडलेला असतो, तेथे उजेडाची खिडकी बहुधा विणकामाकडे जाते आणि बाळंतिणीची खाट आतल्या मंद प्रकाशात पडते. तेथे बाळाच्या कातडीवरील पिवळेपणा ओळखता येत नाही. ताई आल्या म्हणजे बाळाला नैसर्गिक उजेडात आणून दाखवावे. जन्मानंतर पहिल्याच दिवशी दिसलेली कावीळ किंवा पुढे तळहात आणि तळपायांपर्यंत उतरलेली कावीळ ही दवाखान्यातच दाखवावी, उन्हात ठेवून बरी होण्याची वाट पाहू नये.

ज्या खुणा दिसताच वाट पाहू नये

पुढील गोष्टींपैकी एकही आढळली तर पुढच्या भेटीची प्रतीक्षा न करता, मध्यरात्र असली तरी, बाळाला रुग्णालयात न्यावे: दूध ओढण्याचे थांबणे किंवा फारच क्षीण ओढणे, ९९.५ अंश फॅरनहाइटहून अधिक ताप, किंवा उलट, पोट आणि तळवे गार लागणे, श्वास मिनिटाला साठ किंवा अधिक होणे, श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे, आकडी, बाळ निपचित पडणे, नाळेतून पू वाहणे. दोन महिन्यांनंतर ते बारा महिन्यांपर्यंत श्वासाची मर्यादा मिनिटाला पन्नास आणि पुढे पाच वर्षांपर्यंत चाळीस समजावी. मातेच्या बाबतीत अतिरक्तस्राव, ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, तीव्र डोकेदुखी आणि झटके या खुणा तितक्याच गंभीर आहेत. गाडीसाठी १०८ हा क्रमांक आहे, आणि गरोदर माता व एक वर्षापर्यंतच्या बालकासाठी १०२ हाही. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात प्रसूती, औषधे, तपासण्या, आहार आणि ने-आण विनामूल्य आहेत, आणि एक वर्षापर्यंतच्या आजारी बालकालाही ही सवलत लागू आहे. पैशाच्या विचाराने कोणी वेळ घालवू नये.

शरीराखेरीज मनाकडेही लक्ष हवे. बाळंतपणानंतर काही दिवस रडू येणे स्वाभाविक असते. परंतु दोन आठवड्यांनंतरही झोप नाही, बाळाकडे पाहावेसे वाटत नाही, जगणे नको वाटते असे बाळंतीण बोलू लागली, तर ते नखरे समजू नयेत आणि ‘दृष्ट लागली’ म्हणून बसू नये. ताईंना स्पष्ट सांगावे, डॉक्टरांना दाखवावे. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मोफत सल्लाही मिळतो.

सव्वा महिना आणि बेचाळिसावा दिवस

आता या लेखातील सर्वांत जिकिरीच्या प्रश्नाकडे येऊ. पहिलटकरीण माहेरी बाळंत होते आणि सव्वा महिना सरला म्हणजे तिला सासरी धाडण्याची बोलणी सुरू होतात. योगायोग असा की हाच काळ आशाताईंच्या सहाव्या भेटीचा आहे, कारण ती बेचाळिसाव्या दिवशी होते. आणि सहाव्या आठवड्यातील लसींचा दिवसही हाच. त्या दिवशी पेंटाव्हॅलेंट, पोलिओचे थेंब आणि टोचणी, रोटाव्हायरस आणि न्यूमोकोकल अशा लसींची पहिली फेरी सुरू होते. माहेरची आशा ‘ती आता सासरी गेली’ म्हणते, सासरची आशा ‘ती अजून आली नाही’ म्हणते, आणि बाळ त्या आठवड्यात एसटीत असते.

हा पेच सोडविण्यास तीन साध्या गोष्टी पुरतात. गरोदरपणाची नोंद बारा आठवड्यांच्या आत राहत्या गावी करून माता व बालसंरक्षण कार्ड घ्यावे, आणि माहेरी जाताना ते कपड्यांच्या पेटीत न ठेवता हाताशी ठेवावे. माहेरी पोहोचताच तेथील आशाताईंना कळवावे, आणि परतण्याची तारीख निश्चित झाली म्हणजे दोन्ही गावच्या ताईंचे दूरध्वनी क्रमांक एकमेकींना द्यावेत. हे काम बाळाच्या वडिलांनी करावे, कारण बाळंतीण त्या दिवसांत निजेच्या हिशेबात गुंतलेली असते. प्रवास बेचाळिसाव्या दिवसाच्या आसपास येणार असेल, तर आधी लस, मग प्रवास, असा क्रम ठेवावा. काही कारणाने लस राहिलीच, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. राहिलेली मात्रा पुढच्या सत्रात घेता येते. साधी सर्दी-पडसे असल्याने लस टाळू नये. टोचल्यानंतर अर्धा तास केंद्रावर थांबावे, आणि ताप आला तर सिस्टरने दिलेले औषध सांगितल्याप्रमाणे द्यावे. जन्मनोंदणीची मुदत एकवीस दिवसांची आहे हे मात्र याआधीच आठवावे. ती बाळ जेथे जन्मले त्या ठिकाणी होते, सासरच्या गावी नव्हे.

ऊसतोडीस किंवा वीटभट्टीवर स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांना हीच सूचना अधिक लागू आहे. कार्ड ज्याच्या हाती आहे, त्याला नव्या मुलखातही लस आणि अंगणवाडीतील आहार मागता येतो.

तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्यापर्यंत

तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यातील भेटींचा रोख आहार, वजन आणि जुलाब यांवर असतो. सहा महिने पुरे झाले म्हणजे उष्टावण करावे आणि आईचे दूध न सोडता वरचे अन्न सुरू करावे: मऊ वरणभात, मुगाची खिचडी, नाचणीची लापशी, शिजवून कुस्करलेला भोपळा किंवा गाजर, केळे, मांसाहारी घरात अंडेही. अन्न इतके घट्ट असावे की चमचा तिरका केला तरी ओघळू नये. डाळीचे नुसते वरचे पाणी पोट भरते, पोषण करीत नाही. आठव्या महिन्यापर्यंत दिवसातून दोन-तीन वेळा, नवव्यापासून तीन-चार वेळा, शिवाय मधे काही खाऊ, असे प्रमाण ठेवावे. सहा महिन्यांपासून लोहाचे सिरप आठवड्यातून दोनदा एक-एक मिलिलिटर द्यावयाचे असते. ते ताईंकडून मागून घ्यावे.

अंगणवाडीतील वजनाचा आलेख हा केवळ दप्तरी कागद नव्हे. वजनाचे टिंब हिरव्या पट्ट्यात असले तरी रेघ सपाट झाली असेल तर त्याचे कारण विचारावे, आणि दंडाच्या मापपट्टीवर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरले तर विलंब न करता वैद्यकीय अधिकाऱ्याला दाखवावे.

जुलाबाचा प्रश्न येवला तालुक्याच्या उत्तर-पूर्व भागात, राजापूर-ममदापूरकडे, उन्हाळ्यात अधिक दक्षतेने पाहावा लागतो, कारण टँकरचे पाणी साठवून दिवसेंदिवस वापरावे लागते. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात संपूर्ण मिसळावी, अर्धी-पाव करू नये, आणि मिसळलेले पाणी चोवीस तासांनंतर टाकून द्यावे. जस्ताच्या गोळ्या, जुलाब दुसऱ्या दिवशी थांबले तरी, चौदा दिवस पुऱ्या द्याव्यात. स्तनपान किंवा जेवण तोडू नये. डोळे खोल गेले, बाळ सुस्त झाले, शौचात रक्त दिसले, तर घरगुती इलाजाची वेळ टळली असे समजावे.

कांद्याच्या लावणी-काढणीला जाणाऱ्या मातांनी सहाव्या महिन्यापूर्वी डब्याचे दूध सुरू करण्याआधी ताईंशी मसलत करावी. स्वच्छ वाटीत पिळून ठेवलेले स्वतःचे दूध उन्हाळ्यातही तीन-चार तास टिकते आणि बाटलीऐवजी वाटी-चमच्याने पाजता येते.

भेटीच्या वेळी घराने कसे वागावे

‘सगळे बरे आहे’ एवढ्या उत्तरावर भेट आटोपणे हा तिचा सर्वांत मोठा अपव्यय होय. विचारावयाचे प्रश्न कार्डाच्या मागे आधी लिहून ठेवावेत. घुटी दिली असेल तर दिली म्हणून सांगावे. त्यावरून कोणावर फिर्याद दाखल होत नसते, आणि खरी हकीकत कळल्याशिवाय ताईंना उपाय सुचविता येत नाही. सासूबाईंनी, किंवा घरात ज्यांचा शब्द चालतो त्यांनी, जवळ बसावे, कारण बाळाला काय पाजावे याचा निर्णय बहुतेक घरांत एकट्या सुनेच्या हाती नसतो, आणि तिला एकटीला दिलेला सल्ला संध्याकाळपर्यंत रद्द होतो. ‘हे माझ्या तीन मुलांना चालले’ असे आजींना वाटत असेल, तर त्यांनी ते ताईंसमोरच बोलून दाखवावे. सुनेला पुढे त्या वादात एकटीने उभे राहावे लागणार नाही. परंतु रक्तस्राव, मनःस्थिती, पुढील बाळंतपणातील अंतर आणि त्याची साधने, या गोष्टी सुनेने एकांतात बोलण्याची मुभा घरानेच दिली पाहिजे. त्या वेळी सर्वांनी बाहेर जावे.

सुवेर पाळणाऱ्या घरांनीही ताईंना दारातून परतवू नये. हात साबणाने धुण्यासाठी पाणी द्यावे, बसण्यास जागा द्यावी, आणि ती डॉक्टर नाही हे ओळखून तिच्याकडून सलाइन किंवा इंजेक्शनची अपेक्षा करू नये. सेवेबद्दल पैसे द्यावयाचे नसतात, आणि कोणी मागितल्यास देऊही नयेत.

ठरल्या दिवशी कोणीच आले नाही तर प्रथम आशाताईंना, मग उपकेंद्रातील सिस्टरला अथवा आशांच्या गटप्रवर्तक बाईंना विचारावे. तेथे दाद लागली नाही तर प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी आणि शेवटी तालुका आरोग्य अधिकारी. तक्रार करताना जन्मतारीख आणि चुकलेल्या भेटीचा दिवस लिहून द्यावा. तारखेवाचूनच्या तक्रारीची चौकशी होत नाही. आणि एक आशा हजार लोकांची जोखीम घेते, तीही पुष्कळदा स्वतःचे शेत आणि घर सांभाळून, हे ध्यानी ठेवून शब्द जपून वापरावेत.

पंधराव्या महिन्याच्या भेटीनंतर या वेळापत्रकातील गृहभेटी संपतात. परंतु गोवर-रुबेलाची दुसरी मात्रा, त्रिगुणी लसीचा आणि पोलिओचा पहिला वर्धक डोस यांची वेळ सोळाव्या ते चोविसाव्या महिन्यात येते. जीवनसत्त्व ‘अ’ चे डोस पाचव्या वर्षापर्यंत दर सहा महिन्यांनी चालू राहतात, आणि त्रिगुणीचा दुसरा वर्धक डोस पाचव्या-सहाव्या वर्षी असतो. त्या दिवसांची आठवण देण्यास ताई दारी येईलच याचा भरवसा धरू नये. पंधराव्या महिन्याच्या भेटीत ताई निघण्यापूर्वीच सोळाव्या महिन्याची तारीख कार्डावर लिहून घ्यावी, आणि पुढचे वेळापत्रक घराने आपल्या हाती घ्यावे.